दुभाषी हवा



मी व्यवसायाने शाळामास्तर आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत ज्या एका गोष्टीने मला वारंवार फसविले, ती म्हणजे विद्यार्थ्यांचा होकार. धडा संपवून 'समजले ना रे?' असे विचारावे, की वर्गातील चाळीस माना एकदम डोलतात. मग एखाद्याला उभे करून 'काय समजले ते तुझ्या शब्दांत सांग' असे म्हटले, की तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागतो. त्याने लबाडी केलेली नसते. गुरुजींनी विचारले आहे, त्यांना 'हो' ऐकावयाचे आहे, तेव्हा 'हो' म्हणावे, एवढीच त्याची साधी रीत असते. वर्गात या होकाराची किंमत फार तर परीक्षेतील चार-दोन गुण. परंतु हाच होकार पोलीस ठाण्यात दिला गेला तर? किंवा शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रापुढे? ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या भाषांचे दुभाषी न्यायालयांत, रुग्णालयांत व सरकारी कचेऱ्यांत जे काम करतात, त्याविषयी आज बोलावयाचे मी ठरविले आहे, ते या होकाराच्या निमित्ताने.

हा विषय मला सुचला तो माझ्या एका मावसबहिणीमुळे. ती परिचारिका आहे आणि काही वर्षांपासून त्या देशाच्या उत्तर टोकाला, नॉर्दर्न टेरिटरी प्रांतात, नोकरीस आहे. तिथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात तिने एका वृद्ध बाईंना इंग्रजीत विचारले, ''आजी, सकाळच्या गोळ्या घेतल्या का?'' आजी म्हणाल्या, ''हो.'' ''म्हणजे राहिल्या नाहीत ना?'' ''हो.'' ''की राहिल्या?'' ''हो.'' माझ्या बहिणीची इंग्रजी शाळेत शिकलेली, त्या आजींची इंग्रजी कानावरून गेलेली. दोघींच्याही घरची ती भाषा नव्हे. शेवटी एक मध्यमवयीन बाई आल्या, पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या आणि आजींच्या भाषेत बोलू लागल्या. पाच मिनिटांत कळले, की गोळ्या तीन दिवस घेतलेल्याच नव्हत्या. त्या पोटात गेल्या की घेरी येते, असे आजींचे म्हणणे होते. ते म्हणणे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, कारण ते सांगता येईल अशा भाषेत कोणी विचारलेच नव्हते.

हा प्रांत क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा, आणि लोकसंख्या मात्र जेमतेम अडीच लाखांच्या आतबाहेर. त्यांपैकी चौथाईहून अधिक लोक मूळ रहिवासी आहेत, आणि त्यांतील अनेकांच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही. अर्नहेम लँडमध्ये योल्ङु लोकांच्या भाषा, मध्यभागाच्या वाळवंटात वार्लपिरी, ॲलिस स्प्रिंग्जच्या आसपास अरेंडा, दक्षिणेस पिट्जन्ट्जट्जारा, बेटांवर तिवी आणि अनिंडिल्याक्वा, शिवाय इंग्रजी शब्दांतून घडलेली पण इंग्रजी नव्हे अशी क्रिओल. सन २०२१ च्या शिरगणतीत साऱ्या ऑस्ट्रेलियात घरी बोलल्या जाणाऱ्या अशा १६७ भाषांची नोंद झाली, आणि त्या बोलणारे मूळ रहिवासी भरले ७६,९७८. इंग्रजांनी १७८८ साली सिडनीस वसाहत केली तेव्हा या भूमीवर अडीचशेहून अधिक भाषा नांदत होत्या.

त्या पहिल्या काळात भाषा शिकून घेण्याची गरज निदान काही गोऱ्यांना वाटली होती. विल्यम डॉझ या तरुण अधिकाऱ्याने १७९०-९१ च्या सुमारास पाटेगरांग नावाच्या एका मूळ रहिवासी मुलीकडून सिडनीची भाषा शिकून वह्यांत टिपून ठेवली. त्या वह्या आज लंडनच्या एका ग्रंथालयात आहेत. पुढे मात्र सारा भार उलट बाजूला पडला; शिकावयाचे ते त्यांनी, इंग्रजी. अनेक मिशनच्या वसतिगृहांत मुलांना स्वभाषेत बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. मी स्वतः कॅथॉलिक आहे आणि मिशनच्या शाळेत शिकलो आहे, म्हणून हे वाक्य मी वगळून पुढे जाऊ शकत नाही. त्याच मिशनऱ्यांपैकी काहींनी या भाषांचे कोश आणि व्याकरणेही लिहिली, तीही गोष्ट खरी आहे. पण कोश लिहिला म्हणून पोरांची छडी चुकली नाही.

न्यायालयाने या भाषांची दखल घ्यावी असे प्रसंग येतच होते. अर्नहेम लँडमध्ये बॉक्साइटच्या खाणीसाठी जमीन दिली गेली, तेव्हा योल्ङु लोकांनी दावा लावला. त्याचा निकाल १९७१ साली त्यांच्याविरुद्ध लागला. त्या दाव्यात आपल्या वडीलधाऱ्यांच्या साक्षी इंग्रजीत आणण्याचे काम गलारवुय युनुपिंगु या विशीतील तरुणाने केले. हाच तरुण पुढे आपल्या लोकांचा थोर नेता म्हणून देशभर ओळखला गेला. २०२३ साली त्याचे निधन झाले. बापाचे बोलणे मुलाने परक्या न्यायासनापुढे परक्या भाषेत मांडावे आणि ते बोलणे कायद्याच्या चौकटीत बसत नाही असे ऐकून परतावे, याचा ठसा त्याच्यावर काय उमटला असेल याची कल्पना आपणच करावी.

त्यानंतर १९७६ साली नॉर्दर्न टेरिटरीच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायमूर्ती फॉर्स्टर यांनी अनुंगा खटल्यात पोलिसांसाठी काही नियम घालून दिले. पहिला नियम असा की, सर्वसाधारण इंग्रज माणसाइतकी इंग्रजी ज्याला येत नाही अशा मूळ रहिवाशाची चौकशी करावयाची, तर दुभाषी समोर असला पाहिजे. शक्य असेल तेथे त्याच्या विश्वासाचा एक माणूसही जवळ असावा. आणि माझ्यातील मास्तरला सर्वांत आवडलेला नियम हा: 'तुला उत्तर देण्याची सक्ती नाही' ही ताकीद दिल्यावर 'समजले का?' एवढे विचारून थांबू नये. ती ताकीद एकेक तुकडा करून आरोपीकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्यावी. मूळ रहिवासी माणूस स्वभावाने अदबशीर असतो आणि विचारणाऱ्याला जे उत्तर हवे असेल असे वाटते तेच देतो, हे न्यायमूर्तींनी ओळखले होते. भाषाशास्त्रज्ञांनी पुढे या फुकाच्या होकाराचा पुष्कळ अभ्यास केला. डायना ईड्स या विदुषींनी १९९२ साली क्वीन्सलंडच्या वकिलांसाठी या विषयावर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. मूळ रहिवाशांच्या बोलण्यात लांब मौनाला मान आहे, ते विचार करीत असल्याचे चिन्ह आहे. गोऱ्या वकिलाला मात्र तेच मौन चोरी पकडल्यासारखे वाटते, हेही त्यांनी दाखवून दिले.

नियम झाला, पण दुभाषी आणावयाचा कोठून? येथे एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. युरोपातून येणाऱ्या निर्वासितांसाठी व स्थलांतरितांसाठी ऑस्ट्रेलिया सरकारने दूरध्वनीवरून दुभाषी पुरविण्याची सोय १९७३ सालीच सुरू केली होती. ग्रीक किंवा इटालियन माणसाला मध्यरात्री दूरध्वनी करून दुभाषी मिळू शकत होता. ज्यांचे पूर्वज हजारो वर्षे त्याच मातीत वावरले, त्यांच्यासाठी नॉर्दर्न टेरिटरीत सरकारी दुभाषी सेवा उभी राहिली ती २००० साली. त्यापूर्वी ॲलिस स्प्रिंग्ज येथील इन्स्टिट्यूट फॉर ॲबॉरिजिनल डेव्हलपमेंट या संस्थेने दुभाषी तयार करण्याचे काम चालविले होते, पण ते एका संस्थेच्या कुवतीइतकेच.

आणि २००० साली तरी सरकारला जाग कशाने आली? त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ग्रूट आयलँड बेटावरचा एक पंधरा वर्षांचा अनाथ मुलगा डार्विनच्या बालबंदीगृहात गळफास घेऊन मरण पावला. पेने आणि रंग अशा किरकोळ वस्तूंच्या चोरीबद्दल त्याला २८ दिवसांची शिक्षा झाली होती. कायदाच असा होता की न्यायाधीशाला ती कमी करता येत नव्हती. देशभर हलकल्लोळ झाला. एप्रिलमध्ये केंद्र आणि प्रांत यांच्यात समझोता झाला, तो असा: सक्तीच्या शिक्षेचा कायदा जवळजवळ तसाच राहावा, पण मुलांना न्यायालयाबाहेर वळविण्यासाठी आणि मूळ रहिवाशांच्या भाषांच्या दुभाष्यांसाठी केंद्राने पैसा द्यावा. या सेवेच्या जन्मपत्रिकेत त्या पोराचे मरण आहे. शेजारच्या पश्चिम ऑस्ट्रेलियात किंबर्ली भागातही त्याच सुमारास अशी सेवा आकारास आली.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो. दुभाषी खुर्चीवर बसला की प्रथम स्वतःची ओळख करून देतो: मी दोन्ही बाजूंचे सर्व बोलणे सांगेन, पदरचे काही घालणार नाही, काही गाळणार नाही, येथे ऐकलेले बाहेर बोलणार नाही, मी कोणाच्याही बाजूचा नाही. वाक्ये तो 'मी' म्हणूनच बोलतो. आरोपी 'मी त्याला मारले' म्हणाला तर दुभाषीही 'मी त्याला मारले' असेच म्हणतो. शहरातल्या दुभाष्याला याचे काही वाटत नाही. पण दूरच्या वस्त्यांवर न्यायालयच फिरते असते. न्यायाधीश, वकील आणि कागदांच्या पेट्या लहान विमानाने उतरतात, गावच्या सभागृहात मेज मांडले जाते आणि एका दिवसात कित्येक खटले पुकारले जातात. तेथे दाराशी आरोपीची बहीण बसलेली असते, फिर्यादीची मावशी बसलेली असते, आणि दुभाषी त्या दोघींचीही नात्यातली असते. माणूस तुरुंगात गेला की रोष न्यायाधीशावर नसतो. तो विमानातून निघून गेलेला असतो. रोष उरतो तो गावात राहणाऱ्या, त्याचे बोलणे इंग्रजीत सांगणाऱ्या बाईवर.

नात्याचे बंधन तर याहून कडक. आपल्याकडे जावई आला की सासूबाईंची कोण धांदल! तेथील पुष्कळ जमातींत जावयाने सासूशी थेट बोलू नये, तिच्या समोरही बसू नये, अशी मर्यादा आहे, आणि या नात्यात केवळ बायकोची आईच नव्हे तर नातेक्रमाने त्या जागी येणाऱ्या अनेक स्त्रिया मोडतात. म्हणून दुभाषी नेमताना केवळ भाषा जुळून भागत नाही. तो माणूस या माणसाशी बोलू शकतो का, हे आधी पाहावे लागते. बायकांचे दुखणे पुरुष दुभाष्याच्या तोंडून सांगणे तर बहुधा अशक्यच. मृताचे नाव उच्चारू नये असाही संकेत आहे. वार्लपिरी लोक अशा वेळी कुमंजायी हा पर्यायी शब्द वापरतात, आणि मृताच्या नावाचा जो कोणी जिवंत माणूस असेल तोही काही काळ कुमंजायी होतो. आता खुनाच्या खटल्यात, मृताचे नाव घेतल्यावाचून साक्ष कशी नोंदवावी? ज्यांनी आपल्या आजीला आजोबांचे नाव घ्यावे लागू नये म्हणून 'अमक्याचे वडील' म्हणताना ऐकले आहे, त्यांना ही अडचण परकी वाटणार नाही.

शब्दांची गंमत आणि भीतीही येथेच आहे. क्रिओलमधील 'किलिम' हा शब्द इंग्रजी 'किल' पासून आला. पण त्याचा अर्थ ठार मारणे असा नसून नुसता मारणे, ठोसा देणे असा होतो. जिवे मारणे सांगावयाचे तर त्याला आणखी जोड द्यावी लागते. पोलिसाला वाटते, इंग्रजीच तर बोलतो आहे, याला दुभाषी कशाला? आणि 'मी त्याला किलिम केले' हे वाक्य नोंदवहीत जाऊन बसते. जी भाषा मुळीच कळत नाही तिच्यापेक्षा अर्धी कळणारी भाषा अधिक धोक्याची, हे मी तरी यातून शिकलो.

'गिल्टी' या कायद्याच्या शब्दाला या भाषांत सरळ प्रतिशब्द नाही. 'पोलीस तुझ्याविषयी सांगतात ती गोष्ट खरी आहे असे तू या न्यायालयाला सांगतोस का?' असे काहीसे लांबून यावे लागते. आणि 'नॉट गिल्टी' म्हणजे 'मी केले नाही' एवढेच नव्हे; 'पोलिसांनी आधी सिद्ध करावे' हाही अर्थ त्यात आहे. तो कसा सांगावा? वकील, भाषाशास्त्रज्ञ आणि दुभाषी यांनी मिळून २०१५ साली यासाठी एक कोश काढला, तोही आधी इंग्रजीतून इंग्रजीत. कायद्याचा प्रत्येक शब्द साध्या इंग्रजी वाक्यांत उलगडून ठेवला, म्हणजे तेथून पुढे दुभाष्याला आपल्या भाषेत नेता यावा. ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. वकिलाला स्वतःचाच शब्द सोप्या भाषेत सांगता येत नसेल, तर दुभाष्याने तो कोठून आणावा?

पिट्जन्ट्जट्जारा भाषेतील 'कुलिनि' हे क्रियापद पाहा. ऐकणे, विचार करणे, समजणे हे सारे त्या एका शब्दात आहे. आपण मराठीत 'पोरगा ऐकत नाही' म्हणतो तेव्हा आपल्याही ऐकण्यात मानणे आलेच. अशा भाषेच्या माणसाला 'ऐकलेत ना?' असे विचारले, तर आपण नेमके काय विचारले आणि त्याने कशाला 'हो' म्हटले, हे तपासून पाहावे लागते.

रुग्णालयाची गोष्ट न्यायालयाहून निराळी. तेथे कोणी कोणाविरुद्ध नसतो, म्हणून दुभाष्याची निकड कोणाला जाणवत नाही. डार्विनमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने डायलिसिसवर असलेले योल्ङु रुग्ण आणि त्यांचे उपचारक यांच्या संभाषणांचा अभ्यास ॲलन कॅस, ॲन लोवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. ती संभाषणे ध्वनिचित्रमुद्रित करून दोन्ही बाजूंना नंतर वेगवेगळे विचारले, तेव्हा दिसून आले की खरी समजूत क्वचितच जुळत होती, आणि विशेष म्हणजे गैरसमज झाला आहे हे दोघांच्याही ध्यानी येत नव्हते. आठवड्यातून तीन वेळा यंत्राला जोडून घेणारा माणूस, आणि आपले मूत्रपिंड पुन्हा बरे होणार नाही हे त्याला कोणी कळेल असे सांगितलेले नाही!

'घरचे कोणीतरी सांगेल की,' असे तेथेही म्हणतात आणि आपल्याकडेही. त्यावर माझी स्वतःची एक आठवण आहे. आम्ही खानापूरकडचे. मी बारा वर्षांचा असताना आजीला हुबळीच्या एका रुग्णालयात नेले. वडील बाहेर पैशांच्या खटपटीत होते. डॉक्टर कानडी बोलत, आजीला मराठीपलीकडे काही येत नसे, आणि मला गल्लीत खेळून कानडी येत होती. म्हणून दुभाषी मी. डॉक्टर म्हणाले, आता औषधाचा उपयोग नाही, घरी न्या, जे दिवस आहेत ते सुखाचे जावोत. आजीने विचारले, ''काय रे म्हणतात?'' मी म्हणालो, ''घरी जाऊन विश्रांती घेतली की बरे वाटेल म्हणतात.'' आजीने डॉक्टरांना हात जोडले. तिला पुण्याच्या धाकट्या मुलाला भेटावयाचे होते. बरे वाटल्यावर जाऊ, असे ती दीड महिना म्हणत राहिली. तो आला तेव्हा तिची वाचा गेली होती. मी खोटे बोललो ते प्रेमापोटी, आणि भीतीपोटीही. बारा वर्षांच्या मुलाला त्या खुर्चीवर बसवू नये, एवढे कोणाच्या ध्यानात आले असते तर! शिकलेला, शपथ घेतलेला, नात्याबाहेरचा दुभाषी कशासाठी असावा, याची युक्तिवादाने खातरजमा करून घेण्याची मला गरज उरलेली नाही.

सेवा उभी राहिली म्हणून सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात वाळवंटातल्या एका तरुणाची २०१२ साली पोलिसांनी दुभाष्यावाचून चौकशी केली. त्याची पहिली भाषा पिंटुपी, दुसरी कुकात्जा, इंग्रजी तिसरी. त्याने पुढे न्यायालयात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा मान्य केला. २०१७ साली अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, कारण आपण काय मान्य करीत आहोत हे त्याला उमगले होते, असे न्यायालयाला म्हणवेना. तोवर त्याची जवळजवळ पाच वर्षे गजाआड गेली होती. अनुंगाचे नियम होऊन तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती.

अडचण पुरवठ्याचीही आहे. एखाद्या भाषेचे बोलणारे काहीशे. त्यांत इंग्रजी उत्तम येणारे थोडे. त्यांत तुरुंगवास न झालेले, ज्यांना नातेसंबंध आड येत नाहीत असे, आणि दुसऱ्याच्या दुःखाची वाक्ये दिवसभर 'मी' म्हणून बोलण्याची ज्यांची तयारी आहे असे किती उरणार? शिवाय काम पुष्कळदा रोजंदारीचे, म्हणजे बोलावणे आले तर पैसा. ज्या गावांत शाळेत स्वभाषाही शिकवितात तेथून दुभाषी मिळण्याची आशा अधिक. वाडेये येथील कॅथॉलिक शाळेत मुर्रिन्ह-पाथा भाषेतून शिकविण्याची परंपरा आहे. परंतु २००८ साली प्रांताच्या सरकारने शाळेचे पहिले चार तास इंग्रजीच हवी असा हुकूम काढला आणि द्विभाषिक शिक्षणाला मोठा धक्का बसला. एका हाताने दुभाषी शोधावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्यांचे मूळ खुडावयाचे, असा तो कारभार. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा घरी राहा, दूर राहा हे सांगण्यासाठी याच भाषांतून संदेश ध्वनिमुद्रित करण्याची तातडी पडली आणि दुभाष्यांची आठवण सर्वांना झाली.

माझ्या बहिणीचा परवा दूरध्वनी आला होता. तिच्या कक्षात वाळवंटाकडची एक बाई पायाच्या शस्त्रक्रियेसाठी आली आहे. तिच्या भाषेची दुभाषी गावी एका मयताला गेलेली. तेथील अंत्यविधी आपल्यासारखे एका दिवसात उरकत नाहीत. दुसरी एक होती, पण नात्याने ती या बाईशी बोलू शकत नव्हती. बाईने इंग्रजी कागदावर सही करण्यास लगेच हात पुढे केला होता. डॉक्टर घड्याळाकडे पाहून कुरकुरले; बहीण म्हणाली, दुभाषी येऊ द्या. चौथ्या दिवशी दुभाषी आली, खुर्ची ओढून बसली, आणि पाऊण तास त्या दोघींचे बोलणे चालले. मग त्या बाईने विचारले, की बोटे कापणार आहात की सबंध पाय? तोवर तिला सबंध पाय जाणार असेच वाटत होते, आणि तरी ती सही करावयास निघाली होती. कापावयाची होती ती दोन बोटे. सही त्याच दुपारी झाली.